सक्शनचा लावा, डिस्चार्जचा झाका

आधीच सांगून टाकते, माझं मराठी बिघडलेलं नाही. ते तंजावरचं आहे. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथली, अप्पांची नोकरी तांबरमला आली म्हणून आम्ही इथे. घरात अम्माशी मराठी, दाराबाहेर तमिळ, कंपनीत इंग्रजी, आणि पंपाशी तोंडाला येईल ते. आता तुमच्याशी बोलतेय ते तुम्हाला कळावं म्हणून तुमच्या वळणाचं बोलतेय. अम्मानं ऐकलं तर विचारेल, रंजनी, रेडिओवर बातम्या वाचतेस का ग?

मी पंप चालू करून देते. कंपनी पंप बनवते, कुणी ते विकतं, कुणी ट्रकातून नेऊन टाकतं, आणि मग मी जाते. पाया तपासायचा, मोटर आणि पंप एका रेषेत आणायचे, पाइप भरून हवा काढायची, आणि सगळ्यांदेखत पहिल्यांदा बटण दाबायचं. आमच्या चेन्नईच्या शाखेत हे काम करणारी बाई मी एकटी. ही जागा मला कुणी ताटात वाढून दिलेली नाही. साइटवर बाथरूम नसतं, यायला उशीर होतो, फिटर बाईचं ऐकत नाहीत, असली कारणं ऐकून घेत, भांडून मिळवलीय. फिटर ऐकतात. बाथरूमही सापडतं.

तर आमच्याकडे पुण्याहून नवे साहेब आले, विश्वजित सर. आयुष्यभर पंप विकले, आणि झकास विकले, खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे वा, चेन्नईत मराठी मुलगी!" मलाही बरं वाटलं. पण दुसऱ्याच वाक्याला मी म्हटलं, "सर, अस्कं सामान आलं," आणि ते जे हसत सुटले!

अस्कं म्हणजे सगळं. आमच्याकडे सगळ्याला अस्कंच म्हणतात. यात हसायचं काय? पण त्या दिवसापासून दर मीटिंगला तेच. "काय रंजनी, अस्कं झालं का?" तेही मान डोलावून, माझा हेल काढून. पुण्याला फोन लावला की मला ऐकू जाईल अशा बेतानं, "इथे आमच्याकडे एक म्युझियम पीस आहे, शिवकालीन मराठी बोलते." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अम्मा म्हणायची, उगी राहा, मोठा साहेब आहे. मी राहिले उगी. पोदुम, म्हणजे पुरे, म्हणायची वेळ पुढे यायची होती.

ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आमचे मोठे पंप बसले होते, यंत्रं थंड ठेवणारं पाणी फिरवायला. पहिला पंप चालू करायचा दिवस म्हणजे इथे लग्नघरच असतं. पंपाला हळदकुंकू, मोटरला मोगऱ्याचा हार, पायाशी लिंबं. कारखान्याचे प्रमुख नारायणस्वामी, जाडजूड मिश्यांचे, कमी बोलणारे. त्यांनी विश्वजित सरांना जरीची शाल पांघरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना हुरूप आला. म्हणाले, "व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं फिरवणार. फोटो काढा."

मी म्हटलं, "सर, फिटर आहे ना."

"अगं, फिरवायचं चाक आहे, रॉकेट नाहीये. तू पॅनेलरूममध्ये जा आणि वॉकीटॉकीवर सांग. आणि हे बघ, मराठीत सांग. काही अडलं-बिडलं तर या लोकांना कळायला नको."

इथेच माशी शिंकली. साइटवर मी सगळ्यांशी 'ओपन' आणि 'क्लोज' एवढंच बोलते. तमिळ फिटर असो, बिहारी असो, कुणाचा घोटाळा होत नाही. पण साहेबांचा हुकूम, मराठीत बोल! बोलले. जे मला येतं ते मराठी बोलले.

आता थोडं पंपाचं ऐका, लांबवत नाही. पाणी आत येतं तो सक्शनचा पाइप, बाहेर जातं तो डिस्चार्जचा. दोन्हीवर एकेक व्हॉल्व्ह. असा पंप सुरू करताना आत येणारी वाट पुरी मोकळी हवी आणि बाहेरची बंद. पंपानं वेग घेतला की मग बाहेरची हळूहळू मोकळी करायची. उलटं झालं तर पंप कोरडा फिरतो. आणि शाफ्टभोवती, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती, पाणी अडवणारी दोन गुळगुळीत चकत्यांची जोडी असते, तिला सील म्हणतात, ती पाण्याच्या पातळ थरावरच जगते. कोरडी फिरली की जळाली.

पॅनेलरूम भिंतीपलीकडे. तिथून पंप दिसत नाही. मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "सर, सक्शनचा पुरा लावा. डिस्चार्जचा झाका. मग सांगा."

थोड्या वेळानं सर म्हणाले, "सक्शनचा लावला. पुरा. दुसरा झाकला."

"नीट झाकला ना?"

"अगदी छान झाकलाय!"

मी हिरवं बटण दाबलं.

पंप आधी गुरगुरला, मग किंचाळायला लागला. प्रेशरचा काटा उठेचना. भिंतीपलीकडून कुणीतरी "अय्यय्यो, पुगै, पुगै!" ओरडलं. पुगै म्हणजे धूर. मी लाल बटणावर थाप मारली आणि धावले. जळक्या रबराचा वास, मोगऱ्याच्या हारावर काळी राख, सीलमधून पाण्याची पिचकारी. सक्शनचा व्हॉल्व्ह गच्च बंद. आणि डिस्चार्जचा व्हॉल्व्ह पाइप भरताना उघडला होता तसाच सताड उघडा, वर तो छानपैकी झाकलेला! नारायणस्वामींनी सरांना दिलेली जरीची शाल चाकावर नीट चारी बाजूंनी पांघरली होती.

देवा रे! हसू की रडू, मला कळेना.

आमच्या घरात लावायचं म्हणजे चालू करायचं. दिवा लाव, पंखा लाव, नळ लाव. बंद करायचं ते झाकायचं. कवाड झाक, खिडकी झाक, नळ झाक. सरांच्या पुण्यात कवाडाला दार म्हणतात आणि दार लावतात. झाकतात ते भाजीचं पातेलं. त्यांना वाटलं, शाल पांघरणं हा इथला काही विधी असेल.

मी पहिलं काम काय केलं? पॅनेलचा मुख्य स्विच पाडला आणि त्यावर माझं लाल कुलूप घातलं. हा कारखान्यांचा नियम आहे. यंत्रावर काम चालू असताना कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून काम करणारा स्वतःचं कुलूप घालतो. त्याला त्याच्या नावाची चिठ्ठी आणि फोटो. किल्ली त्याच्याच खिशात. काम संपलं की तोच काढणार, दुसरा कुणी नाही, मालकसुद्धा नाही. किल्ली मी कमरेच्या हुकाला अडकवली.

बाहेर आले तर सर नारायणस्वामींना इंग्रजीत समजावत होते. "तिचं मराठी धड नाही. एक जुनाट बोली आहे. चुकीची सूचना दिली. आम्ही कारवाई करू." मी तिथेच उभी. माझ्याकडे बघायचीसुद्धा तसदी नाही.

घरी अम्मानं विचारलं, "काय म्हणट्लं त्यानं?"

"माझं मराठी धड नाही म्हणाला."

अम्मा उठली, फाडकन कवाड झाकलं आणि म्हणाली, "मला उगी राहायला सांगायचं होतं ते सांगून झालं. आता तू बोल."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मीटिंगरूममध्ये बसलो. एका बाजूला नारायणस्वामी आणि त्यांच्या सुरक्षा अधिकारी महालक्ष्मी, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. सरांनी इंग्रजीत जाहीर केलं, नवी सील येतेय, पुण्याहून माणूसही येतोय. रंजनी सोमवारपासून टी. नगरच्या ऑफिसात बसेल, कोटेशनं बनवेल. मग माझ्याकडे वळून मराठीत, गोड आवाजात, "तुझ्याच भल्याचं आहे. साड्यांची दुकानं जवळ. आता यांना एक सॉरी म्हण, आणि ती किल्ली दे."

साड्यांची दुकानं! इतकी वर्षं ग्रीसमध्ये हात घालून मिळवलेली जागा, आणि बदल्यात साड्यांची दुकानं!

"किल्ली देणार नाही," मी म्हटलं.

"काय?"

"कुलूप माझं आहे. काम अपुरं आहे. ते मी पुरं करणार आणि मीच काढणार. आणि सॉरीही म्हणणार नाही, कारण सूचना बरोबर होती."

"बरोबर? सक्शनचा लावा म्हणालीस तू! सगळ्यांनी ऐकलं!"

"सर, जरा उठता का?" मी म्हटलं. "तो दिवा लावा."

"हा काय पोरखेळ?"

"लावा तर."

नारायणस्वामी मिशीवर हात फिरवत बघत होते. सरांना नाही म्हणवेना. उठले, बटण दाबलं, दिवा लागला.

"आता दार लावा."

त्यांनी दार ओढून घेतलं.

"दिवा लावला तर चालू झाला. दार लावलं तर बंद झालं. बरं, पंप लावा म्हणजे?"

"म्हणजे... चालू करा."

"आणि व्हॉल्व्ह लावा म्हणजे?"

सरांनी दाराची कडी एकदा वर केली, एकदा खाली.

"सांगा ना! तुमच्या मराठीत लावलं तर उघडतं की बंद होतं? तुमचं तुम्हालाच माहीत नाही, सर. आमच्याकडे लावलं की चालू आणि झाकलं की बंद. अस्कं सरळ आहे. माझ्या भाषेला म्युझियम म्हणता, तिला धड नाही म्हणता, आणि मराठीतच बोल हा हुकूमही तुमचाच. पटला नव्हता शब्द तर विचारायचं होतं. चाकाला शाल पांघरताना एकदाही वाटलं नाही, विचारावं म्हणून? माझ्या तोंडचं काही विचारण्यासारखं असतं असंच तुम्हाला वाटत नाही. सील त्यामुळे जळाली."

माझा आवाज चढला होता. चढू दे म्हटलं.

"एन्न इदु?" नारायणस्वामींनी मला विचारलं. हे काय चाललंय? मी तमिळमध्ये सांगितलं, दिवा, दार, शाल, सगळं. शालीपाशी आले तेव्हा महालक्ष्मींनी तोंडावर फाइल धरली. नारायणस्वामी मात्र हसले नाहीत. त्यांनी महालक्ष्मींना एवढंच विचारलं, "कुलूप कुणाचं?"

"त्यांचं, सर. त्यांच्याशिवाय काढता येणार नाही. तोडायचं असेल तर मला सही करावी लागेल, आणि मी करणार नाही."

"सरि, ठीक आहे," नारायणस्वामी म्हणाले. "मग पंप याच सुरू करतील. आणि व्हॉल्व्हवर हेच साहेब उभे राहतील. ज्या दोघांत घोळ झाला त्या दोघांतच तो मिटलेला मला बघायचाय. उद्या तिसरंच कुणी आणून चालू केलंत तर पुढच्या वेळी काय?"

सील आली. मी स्वतः बसवली, मोटर-पंप पुन्हा एका रेषेत आणले, हातानं शाफ्ट फिरवून बघितला, लोण्यासारखा फिरला. हार नवा, लिंबं नवी. शाल मात्र या वेळी कुणी आणली नव्हती. मी पॅनेलरूममध्ये गेले, कमरेची किल्ली काढली, माझं कुलूप माझ्या हातानं उघडलं आणि वॉकीटॉकी उचलला.

"सर, सांगा."

"डिस्चार्ज क्लोज्ड," सर इंग्रजीत म्हणाले. "सक्शन ओपन."

बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबलं असतं तर काम झालं असतं. फिटर व्हॉल्व्ह बघून पॅनेलरूमच्या दारात येऊन उभा होता, त्यानं मला मान हलवून खूण केली होती, व्हॉल्व्ह बरोबर आहेत. पण मी दाबलं नाही.

"सर, मराठीत बोलायचं ठरलंय ना आपलं?"

"रंजनी, सगळे थांबलेत इथे."

"मीपण थांबलेय."

"बरं बाई. बाहेरचा बंद आहे."

"बंद म्हणजे? आम्ही म्युझियममधली माणसं, आम्हाला कळत नाही."

भिंतीपलीकडे नारायणस्वामी खाकरलेले ऐकू आले. मला वाटलं, आता हे वॉकीटॉकी फेकून निघून जाणार, आणि मी सोमवारी टी. नगरला कोटेशनं टाइप करत बसणार. जाऊ देत. बसेन. पण शब्द सोडणार नाही.

"झाकलाय," आवाज आला. बारीक होता, पण सरळ.

"आणि सक्शनचा?"

"लावलाय. पुरा लावलाय."

"अस्कं?"

या वेळी हेल नव्हता, पाठीमागे कुणाचं हसू नव्हतं.

"अस्कं," विश्वजित सर म्हणाले.

मी बटण दाबलं.