तक्रार नसलेली खोली

टप्.

दुपारी सगळं सामसूम असताना तो आवाज आला आणि चिमीला थोपटणारा आईचा हात थांबला. पुन्हा टप्. वर, शिंपिणीच्या खोलीत, भांड्यात पाणी पडत होतं. झोपायचं सोंग घेतलेली चिमी टुणकन उठली आणि मायलेकी जिना चढल्या.

सासऱ्यांच्या मागे हे घर नवऱ्याकडे आलं, तेव्हापासून वरच्या खोलीचं सगळं तीच बघायची. चार बायका जमल्या की म्हणायची, "आमच्या भाडेकरूंची कधी म्हणून तक्रार नाही हो." म्हणताना जरा सुखावायचीही.

"काही नाही वहिनी, भांडी घासतेय." शिंपीण दारातच आडवी उभी राहिली.

पण चिमी तिच्या हाताखालून आत शिरली होती. "आई, गादीवर पातेलं!"

आत भिंतीला कापडाची गाठोडी रचलेली. त्यांच्यामागे छतापासून फरशीपर्यंत काळी बुरशी. गच्चीवरची टाकी कधीची झिरपत होती कोण जाणे. शिंपिणीची लेक कोपऱ्यात तोंडावर उशी दाबून खोकत होती.

"अहो, सांगायचं नाही का?"

"तुम्ही चांगल्या आहात म्हणूनच नाही सांगितलं. तुमच्यासारखी मालकीण पुन्हा कुठे मिळायची? कटकट करून घालवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच चिमीच्या आईने गवंडी आणला. त्याने हातोडीने छत ठोकलं, तशी मूठभर खपल्या खाली आल्या. "अख्खा स्लॅब काढावा लागेल, बाई. दोन महिने खोली रिकामी पाहिजे. असाच ठेवलात तर कुणाच्या तरी डोक्यात पडेल."

तो गेल्यावर ती म्हणाली, "दोन महिन्यांनी परत या. मी शब्द देते."

शिंपीण हसली. "आधीचे भाडेकरू मास्तरही दोनच महिन्यांसाठी गेले होते ना, मोरीचं काम काढलं तेव्हा? त्यांच्या जागेवर तर मी बसलेय, वहिनी."

ते खरं होतं. तेव्हा नवरा म्हणाला होता, ही शिंपीण बाई बरी वाटते, मास्तरांना काय, मिळेल दुसरीकडे. चिमी पोटात होती, तिला धड बसवत नव्हतं. ती नुसतं "हं" म्हणाली होती.

"मग आमच्याकडे राहा, खाली. मधली खोली देते."

"खाली? इथे जोरात पाऊल पडलं तरी मी पोरीला दटावते, वहिनी झोपल्यात म्हणून. खाली आणून तिला श्वास तरी घेऊ देईन का मी?"

तिला आठवलं, किती वेळा तिने कौतुक केलं होतं. तुमची लेक म्हणजे गुणाची हो, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही.

"राहू द्या ना असंच," शिंपीण म्हणाली. "मी रंग मारून घेते."

"पोरीची छाती घरघरतेय, आणि रंग काय मारता?"

"मग काढा बाहेर." शिंपिणीचा आवाज जराही चढला नाही. "चांगल्यासाठीच काढताय, कळतं मला."

ती जिन्यात आली आणि पायरीवरच बसली. वर जायला तोंड नव्हतं, खाली जाऊन नवऱ्याला फक्त "खोली रिकामी होतेय" एवढं सांगायची खोटी, मागच्यासारखं पुढचं तोच उरकणार होता. चिमी शेजारी येऊन टेकली. बराच वेळ एकदा वरच्या दाराकडे, एकदा खालच्या दाराकडे बघत राहिली.

"आई, आपण तर खाली राहतो. मग वरचं घर आपलं कसं?"