नारळाच्या रसातलं कालवण

शाळेतल्या बाईंनी दिलेली कादंबरी माधुरीने पाथर्डीहून उसाच्या फडावर आणली, तेव्हा चांगुणाबाईला लेकीच्या बोचक्यातलं ते उगाचचं ओझं वाटलं होतं. कोल्हारजवळ प्रवरेकाठी त्यांची पाचटाची कोपी होती, वाकूनच आत शिरावं अशी. जालिंदर ऊस तोडायचा, चांगुणा मोळ्या बांधून वाहायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला टोळीत जागा नाही. सातवीतली माधुरी भाकरी थापायची आणि दिवेलागणीला चुलीपाशी बसून मोठ्याने वाचायची.

गोष्ट समुद्राकाठच्या गावाची. तिथे माशांचं कालवण नारळाच्या रसात शिजायचं, दुधासारखं पांढरं. ते पान चांगुणाने चारदा वाचायला लावलं.

"एवढं पानी, मंग तिकडं ऊस न्हाई लावत का कुनी?"

"खारं असतंय, आई."

जालिंदर खदखदून हसला. "हिला सपनात बी ऊसच!"

"हसा. पट्टा पडला, हंगाम सरून कारखाना बंद झाला की एक दिस जायचं म्हंजे जायचं. समुद्र बघायचा, कालवण खायचं न् माघारी यायचं."

पण संक्रांतीच्या तोंडावर तिला तापाने गाठलं. खोकून खोकून बरगड्या दुखू लागल्या. तिसऱ्या दिवशी श्रीमंत नावाचा टोळीचा मुकादम मोटारसायकलवरून आला.

"कोयता अर्धा झालाय, जालिंदर. उद्यापून पोरीला उभी कर."

संक्रांत झाली की माधुरीला पाथर्डीला राहीमावशीकडे, शाळेत धाडायचं ठरलं होतं. फडात एकदा पोरीने मोळी उचलली की पुढच्या हंगामाआधी तिचं लग्न लावायचं आणि नवा कोयता उभा करायचा, ही फडातली रीत. चांगुणाचं तसंच झालं होतं, तेराव्या वर्षी.

त्या संध्याकाळी माधुरीने शेजारच्या बनुबाईकडून नदीतले चार मासे आणि खोबऱ्याची वाटी आणली. वाचलेलं सगळं तिला पाठ होतं, पण हात घरच्या वळणाने चालला. तिने खोबरं विस्तवावर भाजलं आणि कालवण काळंकुट्ट झालं.

"चुकलं गं आई. भाजायचंच नव्हतं."

"असू दे. समुद्रावरची मानसं आपलं खाऊन बघतील कवा तरी." चांगुणाने अर्धी भाकरी कालवणात कुस्करून खाल्ली. प्रत्येक घास घशात अडत होता. "लई ब्येस झालंय. अंगात जीव आला बघ."

"खरं?"

"मंग काय! सकाळी मीच उभी राहनार. तू शाळेत जा."

सकाळी ती खरोखरच उठली. डोक्यावर चुंबळ ठेवून श्रीमंतापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "कोयता पुरा हाय, मुकादम." जालिंदरने लेकीला रस्त्यावर नेऊन, कंडक्टरला बजावून एस.टी.त बसवलं.

तो परतला तेव्हा चांगुणा दुसऱ्या मोळीखाली बसली होती. तिला उठवायला हात लावला आणि चटका बसावा तसा त्याने तो मागे घेतला. बांधावर श्रीमंत मोटारसायकलला टेकून उभा होता.

"मुकादमाला सांगतो. त्याच्या गाडीवर दवाखान्यात..."

चांगुणाने त्याचं मनगट धरलं. धाप आवरायला तिला वेळ लागला.

"आत्ता नगं. तो पयली पोरीला उतरवून आनील. एस.टी. नगरच्या पुढं जाऊ द्या. मंग सांगा."