जुन्या तारखेचा तक्ता

मी लसीकरणाचा तक्ता बोलतोय. मेंढपाळ संघाच्या वेबसाइटवर मला एक पान दिलंय, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. माझ्यामुळं सतरा मेंढ्या मेल्या. तरी मला तिथून हलवायची कुणाला बुद्धी होत नाही, म्हणून बोलतोय.

माझा जन्म सांगलीच्या कचेरीत झाला. नूरीन नावाच्या ऑपरेटर मुलीनं दोन दिवस खपून मला तयार केलं. जत तालुक्यातल्या त्रेचाळीस वस्त्या, कुठल्या वस्तीवर लसीची गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या माळावर येणार, हे तिनं एकेकाला फोन करून विचारलं आणि भरलं. माझ्या डोक्यावर पदाधिकाऱ्यांचे फोटो टाकायला सांगितले होते. तिनं टाकले नाहीत. "जतकडं रेंज न्हाई. फोटो उघडस्तोवर मेंढरं पुढल्या गावात जातील," म्हणाली.

माझी लिंक तिनं सगळ्या वस्त्यांच्या ग्रुपवर पाठवली. तारीख बदलली की ती मलाच उघडायची, जुना आकडा खोडून नवा लिहायची. लिंक तीच, तारीख ताजी. काळेमाळ वस्तीवरच्या धोंडुबाईंना वाचता येत नाही, पण त्यांची सून पूजा मला मोबाइलवर उघडून मोठ्यानं वाचून दाखवायची. साठ मेंढ्यांचा कळप त्या दोघी माझ्या शब्दावर माळावर न्यायच्या. अख्खं वर्ष माझी एक तारीख चुकली नाही. मला त्याचा गर्व होता, आणि तो रास्त होता.

मग यंदा साताऱ्याहून वीरधवल साहेब सचिव म्हणून आले. त्यांच्या जुन्या कचेरीत कुणीतरी सभेचं इतिवृत्त पुसलं होतं आणि नोटीस यांना आली होती. त्या दिवसापासून या गृहस्थांनी पुसण्याचा धसकाच घेतला. इथं आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की वेबसाइटवरच्या जुन्या कशालाही हात लावायचा नाही. बदल करायचा असेल तर त्याची कॉपी काढायची आणि कॉपीत बदल करायचा.

झालं! वेबसाइटच्या आत कधी डोकावून बघा म्हणजे कळेल. 'फायनल', त्याच्या शेजारी 'फायनल नवीन', त्याच्या शेजारी 'साहेबांनी बघितलेलं फायनल'. एकाच परिपत्रकाच्या नऊ प्रती, त्यातली खरी कुठली ते टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. 'सत्कार' नावाच्या फोल्डरात मात्र शाल-नारळाचे चारशे फोटो, प्रत्येकाला नाव, तारीख, सगळं जिथल्या तिथं. माणसांना नीटनेटकं ठेवता येत नाही असं नाही. कशासाठी कष्ट घ्यायचे ते त्यांचं ठरलेलं असतं.

मे महिन्यात गाडीचं वेळापत्रक आठ दिवस अलीकडं आलं. नूरीननं हुकमाप्रमाणं माझी कॉपी काढली, तिच्यात नव्या तारखा भरल्या आणि ती मुखपृष्ठावर लावली. ग्रुपवरही टाकली, पण तिथं दोनच दिवसांपूर्वी साहेबांच्या सत्काराचे फोटो पडले होते. त्याखाली अभिनंदनाची अशी रांग लागली, की तिची लिंक बघता बघता वर निघून गेली.

तिला ते दिसत होतं. ती साहेबांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "साहेब, लोकांच्या मोबाइलात जुन्याचीच लिंक हाय. जुनं उघडलं की आपोआप नवं समोर येईल असं करते. पाच मिन्टाचं काम हाय."

"म्हणजे जुनं दिसायचं बंद होणार?"

"व्हय."

"मग नको. नोंद आहे ती. राहू दे."

राहिलो मी, मान ताठ करून खोटं सांगत. 'काळेमाळ, गुरुवार, सकाळी आठ.' त्या गुरुवारी पूजानं मला उघडलं तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, गाडी मागच्या गुरुवारी येऊन गेली! पण जे लिहिलंय तेवढंच मला दाखवता येतं. साठ मेंढ्या घेऊन सासू-सुना दुपारी एकपर्यंत उन्हात थांबल्या. मग पूजानं कचेरीत फोन लावला आणि नूरीननं खरं ते सांगितलं. पुढची गाडी पंधरा दिवसांनी.

पंधरा दिवस कोण थांबतं? पाऊस लागला, कोवळं गवत आलं आणि त्यामागून आंत्रविषार आला, मेंढीच्या आतड्यात विष करणारा तोच रोग, ज्याची लस त्या गाडीत होती. संध्याकाळी चरून आलेली मेंढी सकाळी पाय ताणून पडलेली. चार दिवसांत सतरा.

धोंडुबाई एस.टी.नं सांगलीला आल्या. पूजाचा मोबाइल त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यात मी उघडा होतो.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"आजी, तो जुना तक्ता आहे. आम्ही नवीन टाकला होता. तुम्ही जुना बघितलात."

"आवं, घराला दोन दारं ठिवायची, एका दारामागं हीर खांदायची, आन माणूस पडलं की म्हणायचं, तुमी चुकीच्या दारानं आलासा?"

साहेबांनी चष्मा पुसला. चौकशी होईल, म्हणाले. तोवर जुन्या तक्त्याला कुणी हात लावू नका, तो पुरावा आहे. एवढं होऊनही! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नूरीन उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. "मावशी, काढून टाकते मी ह्ये. जाऊ दे माझी नोकरी."

"काढू नगं, पोरी," धोंडुबाई म्हणाल्या. "काढलंस तर ह्ये म्हणतील कायच झालं न्हाई. वर लिव. काय झालं त्ये समदं लिव."

नूरीननं साहेबांच्या देखत मला उघडलं आणि माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'ही तारीख चुकीची आहे. ती वेळेवर काढली नाही, म्हणून काळेमाळच्या धोंडुबाईंच्या सतरा मेंढ्या दगावल्या.' त्याखाली नव्या तक्त्याची लिंक दिली आणि प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

"हे आत्ताच्या आत्ता पूस," साहेब ओरडले.

"पुसायचं न्हाई असा तुमचाच हुकूम हाय," ती म्हणाली आणि पर्स उचलून धोंडुबाईंना स्टँडवर सोडायला गेली.

ती ओळ अजून माझ्या कपाळावर आहे. नूरीनला सोडलं तर ती ओळ काढायची कशी हे कचेरीत कुणालाच ठाऊक नाही. तिच्या नावाचं नोटिशीचं पत्र टाइप होऊन पडलंय. ते वेबसाइटवर टाकायलाही तीच लागणार, म्हणून अडलंय.

नवा तक्ता बिनचूक आहे. पण हल्ली कचेरीतला फोन सारखा वाजतो. कुठल्या कुठल्या वस्तीवरून बायाबापड्या विचारतात, "मोबाइलात तारीख दिसतीया, पर खरी हाय का?" नूरीन प्रत्येकीला सांगते, खरी हाय. तरी त्या पुन्हा विचारतात, आणि तिचा आवाज दर वेळी जरा खाली येतो.

लोकांचा विश्वास मी खाल्ला. मला तो परत करता येत नाही. ज्यांच्या हातात असे तक्ते आहेत त्यांना एवढंच सांगतो, आजच्या आज उघडा आणि तारीख बघा. कुणीतरी आत्ता कळप घेऊन घराबाहेर पडत असेल.