मशीनची पिल्लं

टिटवाळ्याला आमच्या घरामागे तेव्हा मोकळं रान होतं. अठ्ठ्याऐंशी साली मी तिथे पत्र्याची शेड घातली आणि मशीनमध्ये अंडी उबवणाऱ्या हॅचरीतून दोनशे पिल्लं आणली. स्वच्छतेत मी कुणाला हार जाणारी नव्हते. जमीन फिनेलने पुसायची, खाली पसरलेलं भाताचं तूस रोज बदलायचं, आत चप्पल आणायची नाही. तरी आठवड्याभरात पिल्लं पांढरं हगू लागली, माना टाकू लागली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

मोठ्या जाऊबाई हौसाबाई शेजारीच राहायच्या. त्यांच्या अंगणात मात्र कोंबडीमागची पिल्लं उकिरडा उकरत मजेत वाढत होती.

"वहिनी, पिल्लांना उटणं लावायचं तेवढं राहिलं बघा," धाकटे दीर कुंडलिक हसायचे. रानात त्यांचाही वाटा होता. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "आता तिसरी खेप. ती गेली की शेडमध्ये माझा पेंढा."

मी कल्याणला गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. पाठारे त्यांचं नाव. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पिल्लांची आई कोण?"

"मशीन."

"तिथेच चुकतंय. आईमागे फिरणारं पिल्लू तिची शीट टोचतं. निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जंतू त्याच्या पोटात जाऊन आधी जागा धरतात. मग रोगाचा जंतू आला तरी त्याला ना बसायला जागा, ना खायला काही. तुमच्या पिल्लांची आतडी ओसाड. जो आधी येईल त्याचं राज्य."

शिसारी आली, पण पटलं. हौसाबाईंच्या तीन जुन्या कोंबड्यांची शीट मी डब्यातून तपासायला नेली. तपासल्याशिवाय काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं. रोगाचं काही निघालं नाही.

"आधी निम्म्या पिल्लांनाच द्या, म्हणजे फरक कळेल," डॉक्टर म्हणाले.

"कुठली आई निम्म्याच लेकरांना भरवते हो?"

ते हसले.

तिसरी खेप आली त्याच दिवशी शीट पाण्यात कालवून, गाळून मी सगळ्या पिल्लांपुढे ठेवली. हौसाबाईंनी नाकाला पदर लावला.

"अगं रंभे, चारदा साबण लावणारी तू! आणि हे काय भरवतेस?"

"तुमच्याच कोंबड्यांचं आहे, जाऊबाई. नावं ठेवू नका."

पहिल्या आठवड्यात सात पिल्लं गेली. मी डगमगले नाही. बाकीची दाण्यावर तुटून पडत होती, हे मला दिसत होतं.

पंधराव्या दिवशी कुंडलिक पेंढ्याची बैलगाडी घेऊन थेट शेडच्या दाराशी आले. शेड रिकामी झाली असणार, ही त्यांची खात्री. आतला कलकलाट ऐकून ते वाकले, जाळीतून बराच वेळ बघत राहिले. एकाही पिल्लाची शेपटी माखलेली नव्हती.

"मग हा पेंढा कुठे उतरवू?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"तुमच्या पडवीत," मी म्हटलं. "आणि गाडी हळू वळवा, भावजी. पिल्लं दचकतात."