निळ्या रानडुकराची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. ओकच्या फळीची, इंग्लंडमधल्या एका पबच्या दारावर टांगलेली. मित्रांनो, मी चटकन कुणावर विश्वास ठेवत नाही. का, ते सांगते.

पाचशे वर्षांपूर्वी आमच्या गावात वाचता येणारे एकटे पाद्रीबुवा. म्हणून पबचे नाव लिहीत नसत, चित्र काढत. माझ्यावर पांढरे रानडुक्कर होते. ते राजाचे चिन्ह. मालकीण इडोनी, एक विधवा, मला दर शनिवारी पुसायची. वाटसरू मान वर करून म्हणत, "वा, काय रुबाब आहे!"

मग ऑगस्टमध्ये जवळच लढाई झाली आणि राजा मारला गेला. दुसऱ्या सकाळी तोच रुबाब गुन्हा ठरला. जो तो आधी माझ्याकडे, मग इडोनीकडे बघून सटकायचा. चुगली कोण करील, याचा नेम नव्हता.

तेवढ्यात समोरचा रंगारी गॅमेल भांडे घेऊन आला. ओढ्याच्या पाण्यावरून त्याचे आणि इडोनीचे तीन वर्षे बोलणे बंद होते.

"निळा आहे," तो म्हणाला. "जिंकलेल्या बाजूच्या एका सरदाराच्या निशाणावर निळं रानडुक्कर असतं. रंगवून टाका."

"तुला कशाला रे माझा पुळका? मी हात लावला की शिपायांना बोलावशील."

"बोलवायचंच असतं तर रंग कशाला वाया घालवला असता, बाई?"

तरी तिने त्यालाच शिडीवर चढवले. "धरलं तर दोघांना धरू देत!"

दुपारी शिपाई आले. नायकाने घोड्यावरूनच मला हात लावला. बोट निळे झाले.

"ओला आहे की!"

इडोनीच्या तोंडचे पाणी पळाले. गॅमेल पुढे झाला. "मी रंगवलंय. मला धरा."

नायकाने बोट विजारीला पुसले. "आज अख्ख्या मुलखात एक पाटी वाळलेली नाही. किती जणांना धरू? बिअर आण, बाई."

ते गेल्यावर इडोनीने गॅमेललाही पेला भरून दिला. त्याने आधी तो हुंगून पाहिला, मग प्यायला.

आता लोक माझ्याखाली हसतात. "निळं डुक्कर? रंगवणारा झिंगला होता वाटतं!" नवा मालक मला तासायचे म्हणतो. त्याच्या रंध्यावर माझा डोळा आहे.

मित्रांनो, विचित्र नावाला हसू नका, जुनी पाटी घाईने तासू नका. ती रंगवताना कुणाचा तरी जीव टांगणीला लागला असेल.