जांभळ्या फुलांची बोडी

मित्रांनो, या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, काठावर पालथा पडलेला जुना डोंगा तो मीच. बसा माझ्या पाठीवर, पण उड्या मारू नका. बूड आधीच चिरलं आहे.

सुकराम ढिवरानं एक मोठं खोड कोरून मला घडवलं. गोंदियाच्या रेल्वेलाइनीपलीकडे तेव्हा घरं मोजकीच होती. आम्ही दोघं या बोडीत शिंगाडे तोडायचो. काठच्या गवतात सारसांची जोडी घरटं करायची, आम्ही लांबून वळसा घ्यायचो. शिंगाड्यांवरच सुकरामचं घर चालायचं.

पुढे वस्ती वाढली. रेल्वेत नोकरीला असलेल्या घनश्यामनं कलकत्त्याहून बादलीतून एक रोप आणलं. त्याची जांभळी फुलं पाहून घनश्यामची आई अनुसयाबाई हरखली. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका भुजली, म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब, बोडीत शिरवतात, विसर्जन करतात. तेव्हा तिनं ते रोपही हळदकुंकू वाहून पाण्यात सोडलं. ती होती जलकुंभी, म्हणजेच जलपर्णी!

ओसरी दिली आणि पाहुणीनं हातपाय पसरले. वर्षभरात पाणी दिसेना. शिंगाड्याचे वेल गुदमरले, मी पानांत रुतून बसू लागलो. सारस उडून गेले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

सुकरामनं कुंभीला हात घातला की अनुसयाबाई काठावरून ओरडायची, "काऊन गा सुकराम, देवाले वाहिलेलं उपटून राहिला?"

"मंग माह्या लेकरायनं खावं काय, बाई?"

पण देवाचं नाव निघालं की त्याचा हात थांबायचा.

पुन्हा भुजलीचा दिवस आला. बायका गाणी गात आल्या. अनुसयाबाईनं आपली भुजली सोडली, तर ती बुडेचना! पानांवर तशीच बसून राहिली. पाण्यानं भुजली घेतली नाही, तर सण कसला?  बाई लुगडं खोचून सरळ बोडीत उतरली.

"माह्या हातानं आली, माह्याच हातानं जाईल. आण गा सुकराम, डोंगा आण!"

मग सारी वस्ती उतरली. ओल्या कुंभीचे ढीग वाहून वाहून माझं बूड चिरलं, ते तेव्हाच. शिंगाडे लवकर आले. सारसांनी मात्र कितीतरी पावसाळे वाट पाहायला लावली.

कुंभी भलती चिवट! अजून कुठून तरी एखादा गेंद, पानांचा झुबका, वर येतोच. परवा म्हातारी अनुसयाबाई तो काढत होती, तर नात म्हणाली, "राहू दे ना आजी, किती साजरी हाये!"

"साजरी दिसली म्हणूनच तं सोडली होती, बाई," म्हातारी म्हणाली आणि तो माझ्या पाठीवर वाळत टाकला.

मित्रांनो, मला आता पाण्यात जाता येत नाही. तुम्ही जाता. हिरवा गेंद दिसला की लगेच उपटा. फुलायची वाट पाहू नका.