अर्धा जंत, अर्धी शेळी

हिंजवडीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत स्वरूपा कित्येक वर्षं एकाच कामाला चिकटून होती. शेळीच्या पोटात राहून रक्त पिणारा एक जंत. त्याच्या पेशी जी जनुकं वापरतात त्यांचे तुटक तुकडे तेवढे हाती लागलेले. ते एकमेकांना जुळवून पूर्ण जनुक उभं करायचं. अखेर एक जुळलं. त्यावरून बनवलेल्या प्रथिनाची लस त्या सकाळी चाचणीसाठी चाकणकडे रवाना झाली होती. शेळ्या तिच्याच चुलत्यांच्या, जयसिंगकाकांच्या.

स्वरूपा निवांत बसून शोधनिबंधासाठी आकृती काढत होती. शेळीच्या जनुकांचा नवा संच नुकताच खुला झाला होता. सहज म्हणून तिने आपलं जनुक त्याच्याशी ताडून पाहिलं. मागचा भाग कुठेच जुळला नाही. पुढचा मात्र अक्षर न् अक्षर जुळला.

चुकीची फाइल टाकली असेल, असं वाटून तिने पुन्हा पाहिलं. तेच. जंताच्या पोटातल्या रक्ताबरोबर शेळीचेही तुकडे नमुन्यात आले होते. मधला भाग दोघांत जवळपास सारखा, म्हणून संगणकाने शेळीचं डोकं जंताच्या धडाला जोडून दिलं होतं. आणि तिला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

ती तशीच विभागप्रमुख विजयश्री मॅडमच्या केबिनमध्ये शिरली.

"मॅडम, लस थांबवा. यातलं अर्धं प्रथिन शेळीच्या रक्तपेशींवरचंच आहे. तिचं शरीर स्वतःच्याच रक्तावर उठेल!"

मॅडमनी कागद पाहिला. "फोन लाव," एवढंच त्या म्हणाल्या.

लस टोचायला गेलेल्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागेना. मग तिने काकांना लावला. त्यांनी उचलला.

"काका, इंजेक्शन देऊ देऊ नका!"

"आगं, तिघींना दिलं की. चवथी धरलीया."

"सोडा तिला! आधी सोडा!"

दोघी गोठ्यावर पोचल्या तेव्हा काका दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे शेळीच्या अंगात शेळीच टोचली व्हय?"

"हो, काका."

"आन तुमाला हे आज कळलं?"

"चाचणीच्या कागदांवर सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

दोन शेळ्यांना काही झालं नाही. तिसरीने, काळीने, काही दिवसांनी चारा सोडला. अंगातलं रक्त कमी होऊन डोळ्यांच्या आतली कड कागदासारखी पांढरी झाली. डॉक्टरांनी दुसऱ्या शेळीचं रक्त चढवलं, पण ती वाचली नाही. काकांच्या पत्नी शालनकाकू कितीतरी दिवस स्वरूपाशी बोलल्या नाहीत.

प्रयोगशाळेत मग काम मुळापासून सुरू झालं. जंत उपाशी ठेवून त्यांची पोटं रिकामी केली आणि जनुकाचं पुढचं टोक नव्याने शोधलं. ते आधीच्यापेक्षा भलतंच निघालं. स्वरूपाने ते आधी शेळीशी ताडलं, कुठेच जुळत नाही याची खात्री केली, मगच मॅडमना दाखवलं.

काकांना तिने हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आता आदी तुज्या मॅडमच्या शेळ्यांना टोच."

"त्यांच्याकडे शेळ्या नाहीत, काका."

"मग घे म्हनावं."

पुढची चाचणी प्रयोगशाळेने स्वतः विकत घेतलेल्या शेळ्यांवर झाली.